इडलीपात्रातलं पाणी नेमकं कुठून येतं? इडली, तट्टे इडली, कडबू, दिंडं यांसाठी पात्रात करायच्या सुधारणा

शहापूर_गल्ली

चार थरांचं अ‍ॅल्युमिनियमचं इडलीपात्र आहे. आतला व्यास २२ सेंमी, झाकण जवळजवळ सपाट, एका वेळी सोळा इडल्या. पीठ एकाच पातेल्यातलं, पण तळच्या चार इडल्यांची बुडं ओली राहतात, मधल्या आठ छान होतात आणि अगदी वरच्या चारांवर थेंबांचे खड्डे पडून चिकट साय धरते. गॅस मोठा केला की झाकण थडथडतं, बाकी फरक शून्य. पिठाचं प्रमाण: इडली रवा २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, रात्रभर आंबवलेलं, दीडपटीहून जास्त फुगलेलं. म्हणजे दोष पिठात नाही.

याच पात्रात तट्टे इडली (ताटलीत वाफवलेली मोठी, चपटी इडली) आणि नागपंचमीला पुरणाची दिंडंही करायची आहेत. नवीन पात्र घ्यावं की यातच काही करता येईल? शक्यतो मापांसकट सांगा.

उद्यमबाग_पत्राकाम

पात्र बदलू नका ताई. आधी तीन मापं घ्या: पाणी भरल्यावर पाण्यापासून तळच्या ताटलीच्या बुडापर्यंतचं अंतर, ताटलीची कड आणि पात्राची भिंत यांतली फट, आणि सगळ्यात वरच्या ताटलीपासून झाकणापर्यंतची मोकळी जागा.

मग वाटीची चाचणी. पीठ घालायचं नाही. पाणी खळखळून उकळू द्या, प्रत्येक थरावर एक छोटी कोरडी स्टीलची वाटी ठेवा, झाकण लावून बारा मिनिटं वाफ द्या. बाहेर काढून औषधाच्या मापाने प्रत्येक वाटीतलं पाणी मोजा. साठ ग्रॅमची वाटी गरम व्हायला जेमतेम १ ग्रॅम वाफ लागते, तेवढंच पाणी तिच्यात हक्काचं. २ मिलीच्या वर जे असेल ते वरून ठिबकलेलं किंवा खालून उडालेलं. कुठल्या थरावर किती, ते इथे लिहा.

शहापूर_गल्ली

पाणी ते तळची ताटली १.२ सेंमी. कड ते भिंत सगळीकडून साधारण १ सेंमी. वरची ताटली ते झाकण ४ सेंमी.
वाट्या तळापासून वर: ६ मिली, दीड, २, आणि सर्वात वर ४ मिली. वरची वाटी मधल्या दांड्याजवळ होती.

उद्यमबाग_पत्राकाम

झालं, निदान याच आकड्यांत आहे. तुमच्या पात्रात दोन वेगळ्या वाटांनी पाणी येतंय आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

तळच्या थरावरचं पाणी उकळीतून उडतं. पाणी खळखळलं की शिंतोडे सहज दोन सेंमी वर जातात आणि ताटलीच्या भोकांतून थेट इडलीच्या बुडाला लागतात. पाण्याची पातळी आणि ताटली यांत किमान ३ सेंमी हवेत. त्याचा सोपा उपाय आधी करून बघा, पाणी कमी घाला. २२ सेंमी व्यासाला १ सेंमी उंची म्हणजे ३८० मिली. बारा-पंधरा मिनिटांच्या इडलीला ७५० मिली पुष्कळ, म्हणजे २ सेंमी खोल. तेवढ्याने अंतर पुरत नसेल तर स्टँडखाली २ सेंमी उंचीचं स्टीलचं कडं ठेवा. कड्याला खालच्या बाजूने तीन-चार खाचा पाडा, नाहीतर कड्याच्या आतलं पाणी आतच उकळून आटतं आणि बाहेरचं आत येत नाही.

वरच्या थरावरचं पाणी झाकणाचं. झाकणाच्या बाहेरच्या अंगाला गार हवा, आतून वाफ. म्हणून ते पूर्ण वेळ पाणी करत राहतं, ढोबळ हिशेबाने मिनिटाला एक ग्रॅमच्या आसपास. सपाट झाकणावर हे पाणी कडेला जात नाही, मुठीच्या स्क्रूपाशी जमतं आणि तिथूनच पडतं. तुमची ४ मिलीची वाटी त्या स्क्रूखाली होती.

निपाणी_नाका

एवढं सगळं कशाला? झाकणाच्या कडेला भिजवलेल्या कणकेची वळी लावायची आणि वर वरवंटा ठेवायचा. वाफ बाहेर गेलीच नाही की इडली आपोआप शिजते. झाकण थडथडणंही बंद.

वाफ_आणि_माप

निपाणीकर, बिर्याणीच्या दमाला ती रीत बरोबर आहे, इडलीला नाही. आणि सगळीकडून बंद केलेल्या भांड्यावर वजन ठेवणं धोक्याचंही आहे, कृपा करून करू नका.

पात्रात सुरुवातीला हवा भरलेली असते. ती बाहेर गेली नाही तर वाफ आणि हवा मिसळून राहतात आणि तापमान वाफेच्या वाट्याप्रमाणे खाली येतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास, इथे पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळतं. पात्रात पाव हिस्सा हवा राहिली तर आतलं तापमान ९० च्या घरात, अर्धी हवा राहिली तर ८० च्या घरात. बाहेरून पाणी खळखळताना ऐकू येतं आणि आत इडली ८० अंशांवर बसलेली असते. म्हणून झाकणाला वाफ जायला वाट हवीच, आणि ती पुरेशी मोठी हवी.

थडथडण्याचं कारणही तेच. मोठ्या बर्नरवर पात्राला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता सव्वा किलोवॅट धरली तर सेकंदाला अर्धा ग्रॅमहून थोडी जास्त वाफ होते, म्हणजे जवळजवळ एक लिटर. अर्ध्या किलोचं झाकण उचलायला अगदी थोडा दाब पुरतो. ५ मिमीच्या एकाच भोकातून एवढी वाफ जाऊ शकत नाही, मग ती झाकणच उचलते. एक १० मिमीचं भोक किंवा ६ मिमीची तीन, एवढी जागा दिली की झाकण गप्प बसतं. भोकं कडेपासून दोन-तीन सेंमी आत घ्या, मधोमध नको.

उद्यमबाग_पत्राकाम

भोक पाडण्याबद्दल: अ‍ॅल्युमिनियमला साधं हाताचं ड्रिल चालतं. स्टीलला वेग कमी ठेवा, तेलाचे थेंब सोडत राहा, जोर एकसारखा द्या. वेग वाढवला की स्टील तापून कडक होतं आणि ड्रिलची धार जाते. आतली कंगोरेदार कड कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर थेंब तिथेच लोंबकळतो. आणि एक ठळक सूचना: प्रेशर कुकरच्या झाकणाला कधीही भोक पाडायचं नाही. त्यात इडली करायची तर शिट्टी काढून ठेवायची, नळीतून वाफ मोकळी जाऊ द्यायची, एवढंच.

टिळकवाडी_स्वयंपाक

शिट्टी लावून दोन मिनिटांत होते असं बऱ्याच जणी सांगतात. त्यात नक्की काय चुकतं?

वाफ_आणि_माप

ताई, पिठातले बुडबुडे फुगून इडली वर येते. शिट्टीखाली दाब जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे बुडबुडे दबून लहान राहतात आणि पीठ त्याच अवस्थेत घट्ट होऊ लागतं. वर शिट्टी उचलून दाब एकदम सोडला तर आतलं पाणी एकाएकी वाफ होऊन इडली फाटते किंवा मध्ये खचते. ढोकळा, सांदण, कडबू, सगळ्यांना तेच लागू. डाळ-तांदूळ वेगळे, त्यांना फुगायचं नसतं.

टिळकवाडी_स्वयंपाक

मग पात्र गॅसवर कधी ठेवायचं? गार पाण्यात सगळं रचून गॅस पेटवला तर चालतं का?

वाफ_आणि_माप

नाही चालत, त्याचा हिशेब सांगतो. पन्नास ग्रॅमची एक इडली २५ अंशांवरून वाफेच्या तापमानाला न्यायला साधारण १२ किलोज्यूल लागतात. सोळा इडल्यांचे १९५, वर अ‍ॅल्युमिनियमच्या सहाशे ग्रॅम ताटल्यांचे ४० धरा. एकूण २३५. एक ग्रॅम वाफ पाणी होताना २.२५ किलोज्यूल देते, म्हणजे फक्त तापवण्यासाठीच शंभर ग्रॅमच्या वर वाफ ताटल्यांवर आणि इडल्यांवर पाणी होते. मोठ्या आचेवर याला तीन-सव्वातीन मिनिटं लागतात. मंद आचेवर दहा. त्या दहा मिनिटांत पीठ कोमट राहतं, बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि घट्ट होईपर्यंत पीठ बसलेलं असतं. चपट्या, कडक इडलीचं हे मोठं कारण आहे, लोक मात्र दोष उडदाच्या डाळीला देतात.

म्हणून क्रम असा: पाणी झाकण लावून उकळा. भोकातून वाफेची सरळ धार एक मिनिट सतत येऊ द्या. मग स्टँड आत ठेवा. पहिली चार-पाच मिनिटं आच मोठी. धार पुन्हा जोमाने सुरू झाली, म्हणजे सगळे थर तापले. आता आच मध्यम करा आणि इथून सात-आठ मिनिटं मोजा. घड्याळ स्टँड आत ठेवल्यापासून लावलं तर थर कमी-जास्त असताना वेळ चुकतो, धारेपासून लावलं तर चुकत नाही. किनाऱ्यावरच्या पाककृतीत १० मिनिटं लिहिली असतील तर आपल्याकडे ११-१२ धरा.

शहापूर_गल्ली

हे पटलं. पण अडचण अशी की तळाला कडं घालून स्टँड २ सेंमी वर घेतला तर वरची जागा ४ वरून २ सेंमीवर येते. इडली फुगून झाकणाला लागेल. एक थर काढायचा का?

उद्यमबाग_पत्राकाम

थर काढलात तर आजच काम होईल, पण सोळाच्या बारा होतील. त्यापेक्षा पात्राची उंची वाढवणारी पट्टी करून घ्या. दोन वस्तू पत्र्याच्या दुकानात सांगायच्या:

पहिली, वरची पट्टी. २२ गेजचा, म्हणजे साधारण पाऊण मिलीमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा, ६.५ सेंमी रुंद, ६९.५ सेंमी लांब. गोल वळवून १ सेंमी जोडावर ठेवायचं, मग परीघ साडेअडुसष्ट सेंमी राहतो आणि ती २२ सेंमीच्या तोंडात सैलसर जाते. खालचे दीड सेंमी पात्राच्या आत उतरले पाहिजेत. बाहेरून तीन टेकू लावा म्हणजे ती खाली घसरणार नाही. झाकणाची कडही पट्टीच्या आत बसली पाहिजे. हे उलटं झालं, म्हणजे पट्टी पात्राच्या बाहेरून बसवली, तर भिंतीवरून ओघळणारं पाणी बाहेर पडून थेट बर्नरवर जातं. जोड आर्गॉन वेल्डिंगने करा. आतून डाग दिसला तर घासून चकचकीत करून घ्या, गंज तिथूनच धरतो.

दुसरी, शंकूची टोपी. वरच्या ताटलीवर, झाकणाखाली बसते. २० सेंमी व्यासाची गोल चकती कापा. मध्यापासून कडेपर्यंत २२ अंशांचा तुकडा कापून काढा आणि कडा एकमेकींना जोडा. जवळजवळ २० अंश उताराचा शंकू तयार होतो, व्यास १८.८ सेंमी, उंची ३.४ सेंमी. भिंतीपासून दीड सेंमी मोकळं राहतं, वाफ तिथून वर जाते. मधल्या दांड्यासाठी भोक, खाली नट, वर वॉशर घट्ट. झाकणाचे थेंब टोपीवर पडतात, उतारावरून कडेला जातात आणि परत पाण्यात.

दोन्हींना मिळून पत्रा फार लागत नाही, उरलेल्या तुकड्यात होतं.

निपाणी_नाका

टोपी पण पत्र्याचीच. मग तिच्या खालच्या अंगाला थेंब धरणार नाहीत का? तेच पाणी इडलीवर पडेल की.

वाफ_आणि_माप

प्रश्न अगदी मर्मावर आहे. झाकण ठिबकत राहतं कारण त्याची एक बाजू कायम बाहेरच्या गार हवेत असते. टोपीच्या दोन्ही बाजूंना वाफ. पावणेदोनशे ग्रॅमची टोपी एकदा तापेपर्यंत तीनेक ग्रॅम पाणी होतं, तेही बरंचसं उताराने कडेला जातं. एकदा तापली की तिच्यातून उष्णता जायला जागाच उरत नाही, म्हणून थेंबही धरत नाही. झाकणाला कापड बांधण्यापेक्षा टोपी टिकाऊ ती याच कारणाने. कापड पाणी शोषतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला भिजून तेच गळायला लागतं.

आणखी एक. टोपी आणि झाकण यांना तेलाचा हात लावू नका. स्वच्छ पत्र्यावर पाणी पातळ थराने ओघळतं, तेलकट पत्र्यावर त्याचे मोठे थेंब बनून सरळ खाली पडतात. पात्र घासताना झाकणाच्या आतल्या बाजूकडे दुर्लक्ष होतं, तिथे फोडणीच्या धुराचं तेल साठलेलं असतं.

टिळकवाडी_स्वयंपाक

पत्र्याची टोपी करून घेईपर्यंत घरच्या घरी काय करावं?

शहापूर_गल्ली

आज एक प्रयोग केला. सपाट झाकणाऐवजी खोलगट कढई पालथी घातली, आणि कढईच्या कडेखाली एका बाजूला स्टीलचा चमचा आडवा ठेवून फट दिली. वरच्या वाटीत ४ ऐवजी दीड मिली आलं.

उद्यमबाग_पत्राकाम

उत्तम. फक्त कढईची कड पात्राच्या तोंडावर आतल्या बाजूला येते ना बघा, आणि कान ज्वाळेपासून लांब.

अथणी_बोअरवेल

स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात की अ‍ॅल्युमिनियमच्या? आमच्या भागात बोअरचं पाणी, पात्रं आतून पांढरी होतात आणि अ‍ॅल्युमिनियमची काळी पडतात.

उद्यमबाग_पत्राकाम

काळं पडणं आणि पांढरं धरणं वेगवेगळं आहे दादा. पांढरा थर हा जड पाण्यातल्या क्षारांचा. तळावर तो जाड झाला की उष्णता अडते आणि गॅस जास्त जळतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून दहा मिनिटं उकळा, तासभर तसंच ठेवा, स्पंजने निघतो. तारेची घासणी नको, ओरखड्यांत थर अजून पटकन धरतो. काळेपणा जड पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून येतो. उकळायच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची पिळलेली फोड टाकण्याची जुनी रीत त्यासाठीच. बेळगावात राकसकोप जलाशयाच्या पाण्याला ही अडचण कमी जाणवते, अथणी-रायबागच्या बोअरला दर आठवड्याला बघावं लागेल.

ताटल्यांबद्दल माझं मत: अ‍ॅल्युमिनियम उष्णता स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, त्यामुळे खळग्याची कड आणि मध्य एकसारखे तापतात. पण आंबलेलं पीठ आम्लधर्मी, ते रात्रभर अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत ठेवायचं नाही. स्टील घ्यायचं तर पातळ घ्या. वाफेत सगळ्या बाजूंनी उष्णता मिळते, म्हणून पातळ स्टील शिजवण्यात फार मागे राहत नाही.

चुंबकाने स्टील तपासायला जाऊ नका. ३०४ आणि स्वस्त २०२ या स्टेनलेस स्टीलच्या दोन ग्रेड, दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. ३०४ पाहिजे असेल तर पत्र्यावरचा छाप बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

कॅम्प_खाणावळ

घरगुती पात्राचं छान चाललंय. आमच्याकडे पेटीचा स्टीमर आहे, आठ ट्रे, बाजूच्या लहान बॉयलरमधून नळीने वाफ येते. वरचे पाच ट्रे वेळेत होतात, खालचे तीन कायम कच्चे. वाफ वर जाते म्हणून छताचं भोक मोठं केलं तर खालचे आणखी मागे पडले.

वाफ_आणि_माप

दादा, इथे घरगुती पात्राचा नियम उलटा होतो. घरच्या पात्रात वाफ तळातल्या सगळ्या पाण्यातून निघते आणि हवेला वर ढकलते, म्हणून वाट वर. तुमच्या पेटीत वाफ नळीने येते. वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे ती थेट छताखाली साठते आणि जड गार हवा तळाशी अडकते. छताचं भोक मोठं केलंत म्हणजे ताजी वाफच बाहेर सोडलीत, हवा जागच्या जागी.

हवा बाहेर जायची वाट तळाशी करा, नळीच्या समोरच्या भिंतीवर, सगळ्यात खालच्या ट्रेच्याही खाली. २० ते २५ मिमीचा पाइप, कायम उघडा, त्यावर तोटी किंवा व्हॉल्व्ह अजिबात नको. त्यातूनच ट्रेवर पाणी झालेली वाफही वाहून जाते. छतावरचं भोक बंद करा किंवा ६ मिमीचं ठेवा. खालच्या पाइपातून आधी गार हवा, मग कोमट, मग वाफेची धार येईल. धार आली की वेळ मोजायला लागा. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या पेट्यांतही हवा खालूनच काढतात.

उद्यमबाग_पत्राकाम

भर घालतो. छताचा पत्रा मागच्या बाजूला १०-१५ अंश उतरता करून घ्या आणि मागे पन्हळ द्या. ट्रे भिंतीला चिकटून सरकत असतील तर दोन्ही बाजूंना किमान २ सेंमी मोकळं ठेवा. ट्रेने पेटी बुचासारखी भरली तर कितीही वाफ सोडा, तिला फिरायला जागाच नाही. दाराला खाण्याच्या वापराचं सिलिकॉन गॅस्केट. बाहेरून २५ मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी लोकरीचा थर) आणि वर दुसरा पत्रा, गॅसची बचत त्यातून सगळ्यात जास्त होते. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र कुणीही हात लावायचा नाही, ते काम परवानाधारकाचं.

कॅम्प_खाणावळ

तळाला पाइप काढून घेतला, २५ मिमीचा. चौथ्या मिनिटाला खालून धार आली. खालचे तीन ट्रे आता वरच्यांपेक्षा दोन मिनिटं मागे आहेत, कच्चे नाहीत.

वाफ_आणि_माप

राहिलेली दोन मिनिटंही कमी होतील. वाफेच्या नळीच्या तोंडासमोर पत्र्याची आडवी पट्टी लावा, म्हणजे वाफ सरळ वर न उसळता आडवी पसरेल.

शहापूर_गल्ली

तट्टे इडलीचं राहिलं. ताटल्या ११ सेंमी व्यासाच्या, तुमकुरू भागात मिळतात तशा, बुडाला भोकं नाहीत.

टिळकवाडी_स्वयंपाक

२२ सेंमीच्या पात्रात मधला दांडा धरून दोन ताटल्या शेजारी मावत नाहीत. एकीवर एक अशा चार, तारेच्या कड्यांच्या स्टँडवर. पत्र्याच्या अखंड ताटलीवर तट्टे ठेवू नये, खालून वाफ लागली पाहिजे. पीठ १.२ सेंमी उंच भरा, म्हणजे ११०-११५ मिली, ते जवळजवळ दुप्पट फुगतं. दोन ताटल्यांत किमान साडेतीन सेंमी अंतर. पिठात भिजवलेले पोहे अर्धी वाटी वाटून घातले की तट्टे मऊ राहते, पण पीठ थोडं घट्टच ठेवा. पातळ पीठ ताटलीत सपाट पसरतं आणि मधोमध खड्डा पडतो. धार सुरू झाल्यापासून दहा-बारा मिनिटं.

उद्यमबाग_पत्राकाम

तट्टेत एक खोड आहे, ती आधीच सांगतो. वरच्या ताटलीचं बुड सुरुवातीला गार असतं, त्यावर धरलेलं पाणी खालच्या तट्टेवर पडतं. एका तट्टेमागे बारा-तेरा ग्रॅम वाफ पाणी होते, हे थोडं नाही. म्हणून रिकाम्या ताटल्या आधी दोन मिनिटं वाफेत तापवून घ्या, मग तेलाचा हात, मग पीठ. शिवाय प्रत्येक ताटलीवर ओलं करून घट्ट पिळलेलं मलमल सैल टाका, ताणून नाही, नाहीतर फुगलेलं पीठ त्याला चिकटतं. नवीन ताटल्या करून घेणार असाल तर बुड मध्ये ३ मिमी वर उचललेलं करायला सांगा आणि बुड वरच्या तोंडाएवढंच रुंद ठेवा. पाणी कडेला येऊन खालच्या ताटलीच्या बाहेर पडेल.

खानापूर_रान

पानातल्या पदार्थांबद्दल मला लिहायचंय, कारण तिथे चूक भांड्यात नसून मांडणीत असते.

चाळणीवर अख्खं केळीचं पान पसरतात आणि त्यावर दिंडं किंवा कडबू मांडतात. पानाने सगळी भोकं झाकली, वाफेची वाट बंद. मग वाफ फक्त कडेने वर येते, कडेची दिंडं शिजतात, मधली कच्ची राहतात. पान चाळणीपेक्षा दोन बोटं लहान कापा आणि मधल्या भागात बोटाएवढ्या अंतरावर पाच-सहा छेद द्या. हळदीच्या पानांना हा त्रास कमी, ती अरुंद असतात, दोन पानांत फट ठेवूनच मांडावीत. दिंडं एकमेकांना चिकटवू नका, मध्ये बोटभर जागा. धार आल्यापासून बारा ते पंधरा मिनिटं. झाली की गॅस बंद करून तीन मिनिटं झाकण तसंच ठेवा. लगेच उघडली तर कणकेच्या पारीला गार वारा लागून ती चिवट होते.

फणसाच्या पानांचे खोट्टे, ज्यांना कन्नडात कोट्टे कडुबू म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. एका खोट्ट्याला चार पानं, चोयांनी (बारीक काड्यांनी) टाचलेली, ती तीन चतुर्थांश भरायची. हा उभा, जाड गोळा असतो, वर पानाचं आवरण, म्हणून पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. इडलीची वेळ इथे लावू नका. पानं जून आणि हिरवी घ्या, कोवळी पानं वाफेत लुळी पडून खोट्टा कलंडतो. खोट्टे मोकळ्या पात्रात उभे एकमेकांना टेकवून रचा, पण मधोमध वाफेसाठी मुठीएवढी जागा सोडा. उडदाचं पीठ इडलीपेक्षा थोडं घट्ट.

अथणी_बोअरवेल

तीस मिनिटांना पाणी पुरेल का? मध्येच घालावं लागलं तर?

वाफ_आणि_माप

मध्यम आचेवर मिनिटाला वीसेक मिली पाणी जातं असं धरा, मोठ्या आचेवर तीसच्या वर. तीस मिनिटांच्या खोट्ट्यांना सव्वा लिटर घेऊन बसा आणि त्यासाठी तळाचं कडं उंच ठेवा. मध्ये घालायचंच झालं तर शेजारच्या गॅसवर उकळतं पाणी ठेवा आणि भिंतीच्या कडेने सोडा. ३०० मिली गार पाणी घातलं तर ते पुन्हा उकळेपर्यंत मोठ्या आचेवरही सव्वा मिनिट वाफ पूर्ण बंद पडते आणि अर्धवट फुगलेलं पीठ खाली बसतं.

पाणी आटलं हे कळायला तळाला काचेची गोटी किंवा जाड नाणं टाका. उकळी असेपर्यंत ते खडखडतं. आवाज थांबला की लगेच गॅस बंद. कुकरमध्ये पाणी संपलं तर रबर आणि सेफ्टी प्लग दोन्ही जातात.

निपाणी_नाका

इडली काढताना खळग्याला चिकटते, ते भांड्यामुळे की पिठामुळे?

टिळकवाडी_स्वयंपाक

बहुतेक वेळा घाईमुळे. वाफेतून काढल्यावर स्टँड दोन-तीन मिनिटं मोकळा ठेवा, इडली जरा गार झाली की स्वतः आकसते. मग पाण्यात बुडवलेल्या चमच्याने कडेने फिरवा. कापडाच्या इडलीला कापडावर पाण्याचा हबका मारून सोडवा. खळग्याला तेल मात्र नावापुरतंच लावा, जास्त झालं की पीठ बुडाशी धरत नाही, इडलीचं बुड तळल्यासारखं पिवळं आणि निसटतं होतं.

शहापूर_गल्ली

पट्टी आणि टोपी करून आणली. झाकणाला ६ मिमीची तीन भोकं. पाणी ७५० मिली, तळाला २ सेंमीचं कडं. वाट्यांची चाचणी पुन्हा घेतली, तळापासून वर: १.५, १, १, १.५ मिली. नंतर सोळा इडल्या लावल्या. चौथ्या मिनिटाला धार आली, पुढे आठ मिनिटं. वरच्या इडल्यांवर एकही खड्डा नाही. झाकण थडथडत नाही.

एकच राहिलंय. टोपी आणि वरच्या इडल्यांत अंतर किती ठेवू? आत्ता नट जिथे बसला तिथे दीड सेंमी आहे.

उद्यमबाग_पत्राकाम

पुरेसं आहे. इडली फुगल्यावर १ सेंमी उरलं पाहिजे, बास. तट्टेसाठी स्टँड बदलाल तेव्हा नट दोन आटे वर घ्या.